पेपर छापायला सोयाबीन विकायचं का?

प्रश्न: मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार आहे. मुलगी अमरावती विद्यापीठात अर्थशास्त्रात पीएच.डी. करते, तिसरं वर्ष सुरू आहे. विषय आहे कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी. तिने एका मासिकाकडे संशोधनाचा पेपर पाठवला. चार दिवसांत ‘पास’ झाला म्हणून ईमेल आला आणि साडेचार हजार रुपये मागितले. वर ‘यूजीसी केअर’, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर आठ असं सगळं लिहिलं आहे. पेपर नसला तर पीएच.डी. अडते असं सगळे सांगतात. सोयाबीन घरात आहे, विकून भरू का? आणि पेपर मराठीत चालत नाही का?

उत्तर: भाऊ, पैसे भरू नका. सोयाबीन तुमच्या सोयीने, भाव पाहून विका.

पेपर नसला तर पीएच.डी. अडते, हे आता सरसकट खरं नाही. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, नोव्हेंबर २०२२ मध्ये पीएच.डी.चे नवे नियम काढले. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला असलाच पाहिजे, ही जुनी अट त्यात राहिली नाही. विद्यापीठ मात्र स्वतःची अट ठेवू शकतं. म्हणून ताईंनी पीएच.डी. विभागात जाऊन आपल्या नोंदणीच्या वर्षाला कोणता नियम लागतो ते विचारावं आणि त्याची प्रत घ्यावी. कॅन्टीनमध्ये ऐकलेल्या नियमावर साडेचार हजार खर्च करायचे नसतात.

नोकरीसाठी पेपर लागतात, हे खरं. पण किती? २०१८ च्या यूजीसी नियमावलीत महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी एका पेपरला २ गुण आहेत आणि सगळे मिळून जास्तीत जास्त ६. म्हणजे तीन पेपरांनंतर चौथ्याने छाननीत काहीच वाढत नाही. जाहिरातीत वेगळं काही असेल तर ते पाहावं. पण बायोडेटावर वीस-पंचवीस पेपरांची माळ लावणारे नेमकं काय कमावतात, हे मला आजवर कळलेलं नाही.

आता त्या मासिकाबद्दल. ‘केअर’ ही यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांची यादी होती; ती यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली. आज कोणी ‘आम्ही केअरमध्ये आहोत’ म्हणून पैसे मागत असेल, तर तो बंद झालेल्या यादीचं नाव विकतो आहे. आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख-क्रमांक. तो म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर समजा, जमीन काळी की मुरमाड ते त्यावरून कळत नाही. नियतकालिकाला तो नंबर आपल्याकडे फुकट मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा दाखला इतर संशोधक किती देतात, त्याचा आकडा. मूळ आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. त्याच्यासारख्या नावाचे आकडे विकणारी दुकानं वेगळी. आणि चार दिवस? चांगल्या नियतकालिकात पेपर त्या विषयाच्या दोन-तीन जाणकारांकडे जातो, ते खोट काढतात, लेखक दुरुस्ती करतो. यात महिने जातात. चार दिवसांत तुमच्या मुलीचा पेपर कोणी वाचलेलाच नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

पैसे मागितले की फसवणूकच, असंही नाही. सगळ्यांना फुकट वाचता यावं म्हणून लेखकाकडून शुल्क घेणारी प्रतिष्ठित नियतकालिकं आहेत. पण तिथे शुल्क आधीपासून जाहीर असतं आणि तपासणी खरी होते. अर्थशास्त्रात तर एक रुपया न देता छापून येण्याच्या भरपूर जागा आहेत. त्यामुळे ताईंनी तो रस्ताच धरू नये.

मग कुठे? हे पेपर लिहून झाल्यावर नाही, लिहिण्याआधी ठरवायचं असतं. ताईंच्या प्रबंधात मला किमान दोन पेपर दिसतात. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. पहिल्या वेचणीला बोंडं भरलेली असतात, शेवटच्या ‘फरदडी’ला दिवसभर वेचून पोतं भरत नाही. मग बाईच्या दिवसाचा हिशेब काय लागतो? हा श्रम-अर्थशास्त्राचा पेपर. तो ‘इंडियन जर्नल ऑफ लेबर इकॉनॉमिक्स’कडे जाऊ शकतो. तिथे वर्गणीवर चालणारा मार्ग (वाचणारा पैसे देतो तो) निवडला तर लेखकाला काही भरावं लागत नाही. दुसरा पेपर, मजुरीचा भाव बायांच्या टोळीत कोण ठरवतं आणि घरात तो पैसा कोणाच्या हाती जातो, यावर. त्याची जागा दिल्लीच्या ‘इंडियन जर्नल ऑफ जेंडर स्टडीज’मध्ये. मुंबईहून निघणारं ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’ दोन्हींसाठी खुलं आहे. तिथे नकार फार येतात, पण आलेला नकार फुकट असतो. प्रत्येक ठिकाणचे गेल्या दोन वर्षांतले अंक चाळून आपल्या विषयाजवळचे चार-पाच लेख वाचायचे. एकही सापडला नाही तर ती जागा आपली नाही.

स्कोपस ही संशोधन नियतकालिकांची जागतिक सूची आहे. नियतकालिक तिच्यात आहे का, ते स्कोपसच्या संकेतस्थळावर आयएसएसएन टाकून फुकट पाहता येतं. ‘यादीतून काढलं’ अशी नोंद नाही ना, तेही पाहावं. खऱ्या नियतकालिकाच्या नावाने बनावट संकेतस्थळ काढणारेही आहेत, म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून पेपर पाठवू नये.

मराठीत नक्की चालतं. मराठी अर्थशास्त्र परिषदेचं ‘अर्थसंवाद’ आहे, तिथे एक पेपर जरूर द्यावा. पण इंग्रजी पेपरचं भाषांतर करून तोच नवा म्हणून देऊ नये. वेगळा भाग, वेगळा मुद्दा घ्यावा. निष्कर्ष कास्तकारांपर्यंत जायचे असतील तर ‘अॅग्रोवन’मध्ये लेख लिहावा. त्याला गुण नाहीत, वाचक आहेत. माझ्या मते तिने तो लिहावाच.

वेळेचं गणित असं: या पेरणीच्या आधी पेपर गेला, तर तपासणीचे शेरे दिवाळीच्या आसपास येतील असं धरा, उशीरही होईल. एक पेपर एका वेळी एकाच ठिकाणी असतो; नकार आला की शेऱ्यांप्रमाणे सुधारून दुसरीकडे. पीएच.डी.ला नियमाने सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, मुलींना त्याहून जास्त सवलत मिळते. घाई करण्यासारखं काही नाही.

गाइड सरांचं नाव पेपरवर घालायचं का, कितवं घालायचं, हे ताईंनीच पाठवण्याआधी सरांशी बोलून घ्यावं. तुम्ही फोन करू नका.

आणि एक काम याच आठवड्यात. पेपर त्या मासिकाकडे अजून ‘पास’ म्हणून पडून आहे. तो तसाच ठेवून दुसरीकडे पाठवला तर दोष ताईंवर येईल. तिने कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नये आणि ‘मी पेपर मागे घेत आहे’ असा दोन ओळींचा ईमेल करावा. उत्तरात ‘माघारीचं शुल्क’ मागतील, तेही भरू नये. पाठवलेल्या ईमेलची प्रत जपून ठेवावी.