घोडीसह कोकणात : जागा आषाढात पाहावी

प्रश्न : आम्ही फलटणचे शेतकरी आहोत. मुलीला चिपळूणजवळ नोकरी मिळाल्यामुळे पुढील वर्षी आम्ही सगळेच तिकडे राहायला जाणार आहोत. आमची नऊ वर्षांची काठेवाडी घोडी, वजन सुमारे ४०० किलो, मागे ठेवणे आम्हाला शक्य नाही. एप्रिलमध्ये तीन जागा पाहिल्या : वाशिष्ठीकाठचा सपाट मळा, सड्यावरची कातळाची मोकळी जमीन आणि डोंगरउतारावरचे गोठा व आंबा-काजूची बाग असलेले जुने घर. घोडीला फिरायला मळाच उत्तम वाटतो. आपले मत कळवावे. – एक वाचक, फलटण

उत्तर : घोडीला मागे न ठेवण्याचा आपला निर्णय वाचून आनंद झाला, मात्र मळ्याचा विचार आपण सोडून द्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. फलटणला वर्षभरात साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर चिपळूण परिसरात ३,००० मिलिमीटरहून अधिक, आणि तोही बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर बुडाले होते. त्या दिवशी या मळ्यात पाणी कुठवर चढले होते, हे शेजारच्या घरी जरूर विचारावे. पूर आला नाही तरी मऊ, सपाट जमिनीत आठवडेच्या आठवडे चिखल राहतो. त्यात उभ्या राहणाऱ्या घोड्याचे खूर मऊ पडतात, तळव्याचा मधला त्रिकोणी भाग कुजून काळा आणि दुर्गंधीयुक्त होतो, खुरांवरच्या कातडीला भेगा पडतात आणि सतत भिजणाऱ्या पाठीवर खपल्या धरतात. आमच्या घोड्याच्या इथल्या पहिल्या पावसाळ्यात अंगणात मुरूम टाकायला मी उशीर केला आणि तो श्रावणभर लंगडत होता; ते आठवले की अजूनही वाईट वाटते.

सड्यावर पाण्याचा निचरा होतो, पण वाऱ्याला आडोसा नसतो आणि मातीचा थर पातळ असल्यामुळे पाऊस सरल्यावर थोड्याच काळात हिरवे गवत संपते. ती जमीन विकत घेण्याऐवजी तिथले गवत कापणीच्या वेळी विकत घ्यावे.

तिन्हींमध्ये मला उतारावरचे घर पसंत आहे, पण ते आपण ऐन आषाढात, पाऊस कोसळत असताना पुन्हा पाहावे. वरून येणारे पाणी गोठ्यामागून वळते की गोठ्यातून वाहते, हे तेव्हाच दिसते. उतार आहे म्हणजे दरडीचाही विचार करायला हवा; २०२१च्या त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली होती. घराच्या वरच्या अंगाला जमिनीला भेगा असतील, झाडे कलली असतील किंवा पूर्वी नसलेले झरे फुटले असतील, तर ती जागाही नाकारावी.

गाई-बैलांचा गोठा बहुधा ठेंगणा आणि अंधारा असतो. घोडीला किमान १२ फूट लांब-रुंद जागा, मान वर केली तरी मोकळे राहील इतके उंच छप्पर आणि उताराची, न निसरणारी जमीन हवी. दार पूर्वेकडे असावे. पश्चिमेची झड अडवण्यासाठी नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधावेत, पण भिंतीच्या वरच्या भागात हवा खेळती ठेवावी, कारण कोंदटपणा आणि मुताची वाफ तिच्या फुफ्फुसांना पावसापेक्षा अधिक त्रास देतात. गोठ्यासमोर जांभ्याचा मुरूम घालून निथळणारे अंगण करावे. कुंपणाला कण्हेर किंवा मोगली एरंड असेल, तर घोडी येण्यापूर्वी मुळासकट काढून टाकावा. कण्हेरीची थोडी पानेसुद्धा जीवघेणी ठरतात.

चाऱ्याची तजवीज पाऊस सुरू होण्याआधी हवी. वजनाच्या दोन टक्के धरले तर रोज ८ किलो कोरडे गवत लागेल, म्हणजे जून ते मध्य ऑक्टोबरच्या १३५ दिवसांसाठी १,०८० किलो; नासाडी धरून तेराशे किलो माळ्यावर कोरडे साठवावे. इथे भाताचा पेंढा सहज मिळतो, पण त्यात पोषण फारच कमी, तेव्हा त्यावर भिस्त ठेवू नये. बुरशी धरलेली पेंडी जनावरापुढे कधीही टाकू नये, त्यातून पोटशूळ आणि दमा दोन्ही उद्भवतात.

पावसाळ्यात गोमाश्या वाढतात आणि त्यांच्यामार्फत सर्रा हा आजार पसरतो. अधूनमधून ताप येत असेल, अंग वाळत असेल, पोटाखाली किंवा पायांना सूज दिसत असेल, तर पशुवैद्यकाकडून लगेच रक्त तपासून घ्यावे. खुरे दर सहा ते आठ आठवड्यांनी साळावी लागतात. कोकणात नालबंद सहज मिळत नाही, म्हणून आपल्याकडच्याच नालबंदाशी येण्याचे आधी ठरवून घ्यावे.

आपण शेतकरी असल्यामुळे शेतजमीन खरेदीत अडचण नाही. आपला सातबारा व शेतकरी असल्याचा दाखला बरोबर ठेवावा आणि घराकडे जाणारी वाट कागदोपत्री नोंदलेली आहे की केवळ तोंडी, हे तपासावे. कुंभार्ली घाट पावसात टाळावा. घोडी कार्तिकात, पशुवैद्यकाचा आरोग्य दाखला घेऊन आणावी. घरमालक तयार असेल तर ती जागा आधी एक पावसाळा भाड्याने घ्यावी, आणि खरेदीचा व्यवहार त्यानंतर, पुढच्या दिवाळीत करावा.