एका कुकरमधून सात ताटं
वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

प्रश्न : काकू नमस्कार, मी नाशिकला इंदिरानगरला राहते, दोन वर्षं झाली घरीच पाळणाघर चालवतेय. सध्या सात मुलं आहेत, सगळ्यात लहान दहा महिन्यांचं बाळ आणि सगळ्यात मोठी साडेपाच वर्षांची, ती शाळा सुटली की साडेबाराला येते. आईबाबा कोणी अंबड एमआयडीसीत, कोणी बँकेत, मुलं सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा माझ्याकडे. आत्तापर्यंत डबे घरून यायचे पण एकाच्या डब्यात नूडल्स, दुसऱ्याच्या वेफर्स आणि तिसरीची बिचारीची भेंडी-पोळी, मग भेंडीवाली रडत बसायची मला पण नूडल्स पाहिजे म्हणून. शेवटी पुढच्या महिन्यापासून जेवण मीच करणार असं सांगून टाकलं, सगळे खूष झाले आणि टेन्शन मला आलं. एक मूल जैन आहे, कांदा-लसूण-बटाटा चालत नाही. अडीच वर्षांचा एक जण फक्त दूध पितो, घास घेतच नाही. एका मम्मीने तर चार्टच पाठवलाय, किन्वा, ॲव्होकाडो, ब्लूबेरी, आणि खाली लिहिलंय की एकही पदार्थ आठवड्यात रिपीट नको. मदतीला सकाळी दोन तास मावशी येतात, बाकी मी एकटीच. सगळ्यांचं वेगवेगळं करत बसले तर मुलांकडे बघायचं कोणी? आठवड्याचा मेन्यू द्या ना प्लीज.

उत्तर : अहो ताई, मेन्यू देते, पण तुमचा खरा प्रश्न त्याच्या आधीच्या ओळीत आहे, मुलांकडे बघायचं कोणी. मी सिडकोत पाळणाघर सुरू केलं तेव्हा पहिल्या महिन्यात हौसेने चार-चार प्रकार करायचे, एकाला उपमा, एकाला थालीपीठ, बाळाची पेज वेगळी. एक दिवस मी थालीपीठ उलटत होते आणि बाहेरच्या खोलीत एका कार्ट्याने नाकात वाटाणा घातला. निघाला बाई डॉक्टरांकडे, पण त्या दिवसापासून ठरवलं की माझ्याकडे दुपारी एकच कुकर लागणार, आणि बाळापासून मोठ्या ताईपर्यंत सगळे त्यातूनच जेवणार, फरक असेल तो फक्त मऊपणात आणि तिखटमिठात.

कुकरमध्ये खाली तांदूळ, मधल्या डब्यात मूग किंवा तुरीची डाळ, वरच्या डब्यात लाल भोपळा नाहीतर दुधीच्या फोडी. झाकण उघडलं की मीठसुद्धा घालायच्या आधी बाळाचं बाजूला काढायचं, भात, डाळ, भोपळा एकत्र कुस्करून वर साजूक तूप. मिक्सरला लावू नका हं, दहा महिन्यांच्या बाळाला थोडं गुठळ्या-गुठळ्यांचंच लागतं, नाहीतर पुढे दोन वर्षांचं झालं तरी चावायचा कंटाळा करतं. ह्या वयाला एका वेळी साधारण १२५ मिली पुरतं, तुमची घरातली वाटी एकदा पाण्याने मोजून घ्या म्हणजे अंदाज येतो, काही वाट्या दिसतात लहान आणि मावतं भरपूर. मग उरलेल्या डाळीला जिरं, हिंग, कढीपत्ता, हळद, टोमॅटो अशी फोडणी, कांदा-लसूण नाहीच, म्हणजे जैन मुलाचं वेगळं काही करायला नको. मोठ्यांना पाहिजे तर कच्च्या कांद्याची कोशिंबीर वेगळ्या वाटीत द्या. फक्त एक लक्षात ठेवा, बऱ्याच जैन घरांत गाजर-बीट-मुळा पण चालत नाही, जमिनीखालचं म्हणून, तेव्हा त्याच्या आईला विचारून यादी लिहूनच घ्या.

आता मेन्यूच्या आधी घड्याळ, कारण माझा अनुभव असा की मेन्यू थोडा इकडेतिकडे झाला तर चालतं पण वेळ हलली की सगळं पाळणाघर हलतं. दहाला खाऊ, साडेबारा-पाऊणला जेवण, झोप, चारला परत खाऊ. मधे फक्त पाणी. मधे बिस्किट नाही, रडलं म्हणून राजगिऱ्याची वडी नाही, कोणाची आजी सोडायला आली आणि पर्समधून चॉकलेट काढलं तर तेही नाही. बाळाची दुधाची वेळ वेगळी धरा. त्याची आई दूध काढून पाठवत असेल तर आलं की लगेच फ्रीजमध्ये टाका, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर ठेवायची सोयच नाही. फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, कोमट करायचं तर भांडं गरम पाण्यात ठेवून, गॅसवर नाही, आणि पिऊन उरलेलं दोन तासांनंतर टाकूनच द्यायचं, जीव हळहळला तरी.

मेन्यू असा धरा. सोमवारी मुगाची खिचडी, घट्ट नाही, पळीवाढी, बरोबर ताक. मंगळवारी वरण-भात-भोपळा, मोठ्यांना पोळी. बुधवारी मटकीची उसळ, मोड आलेली, आदल्या रात्रीची मोडाची पुरचुंडी तुम्हाला माहितीच आहे. तर्रीशिवायची मिसळ म्हणायची तिला, नाशिकच्या मुलांना नुसतं मिसळ म्हटलं की निम्मं काम होतं, माझ्याकडे एक तीन वर्षांचा रोज विचारायचा काकू आज तर्री आहे का. त्यावर लिंबू पिळायला विसरू नका, डाळी-उसळीतलं लोह अंगी लागायला व्हिटॅमिन सी लागतं, लिंबू किंवा आवळा-पेरू सोबत असला की काम होतं. बाळासाठी तीच मटकी चांगली गाळ शिजवून कुस्करायची. बुधवारीच गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा बाजार असतो, मावशींना किंवा घरातल्या कोणाला धाडून पालेभाजी आणवा, म्हणजे गुरुवारी मेथीचे नाहीतर पालकाचे मऊ पराठे आणि दही. शुक्रवारी परत डाळ-भात पण डाळीत शेवग्याचा गर किंवा चिरलेला पालक. शनिवारी अर्धा दिवस असेल तर भाज्या घालून दलिया. झालं. दुसऱ्या आठवड्यात हेच परत, भाजी बदलून. नो रिपीटवाल्या मम्मींना प्रेमाने सांगा की मुलांना रिपीटच आवडतं, नवीन भाजी पोरं आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा ताटात बघतात तेव्हा कुठे तोंडात घालतात, रोज नवीन केलं तर रोज पहिलाच दिवस.

आणि त्या चार्टचं म्हणाल तर रागावू नका, त्यांनी मोबाइलवर कुठेतरी वाचलं असणार, काळजीपोटीच पाठवलंय. किन्व्याच्या जागी नागली, म्हणजे नाचणी लिहा. पेठ-सुरगाण्याची नागली आपल्याकडे दारात येते आणि १०० ग्रॅम नागलीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात साधारण १२०. भिजवून मोड आणून वाळवून दळली तर अजून चांगली, मोडाच्या पिठाची पेज पातळ होते, म्हणजे त्याच वाटीत पीठ जास्त मावतं आणि इवल्याशा पोटात जास्त ताकद जाते. दहाच्या खाऊला आठवड्यातून दोनदा नागलीची पेज किंवा छोटे डोसे, बाकी दिवशी पोहे, रव्याचं धिरडं, उकडलेलं रताळं (जैन मुलाला केळं), असं चालू द्या. ब्लूबेरीच्या जागी पेरू, पपई, चिकू, सीझनला जे हातगाडीवर असेल ते. चारच्या खाऊला फळ आणि शेंगदाण्याच्या कुटाचा छोटा लाडू, दोन वर्षांवरच्यांनाच आणि गूळ बेताचा. दोन वर्षांखालच्यांना साखर-गूळ काहीच घालू नका, त्यांना गोडाची आठवण येत नाही, आपल्याला येते. शेंगदाणा पहिल्यांदा देताना मात्र आधी घरी देऊन झालाय का ते विचारून घ्या.

अंडं मी पाळणाघरात कधीच ठेवलं नाही. वाईट म्हणून नाही, उलट फारच चांगलं, पण सात घरांचे सात नियम, त्यापेक्षा खाणाऱ्यांना म्हणायचे सकाळी घरी देऊन पाठवा. हा माझा हिशोब, तुमच्याकडे सगळ्यांना चालत असेल तर द्या की.

आता दूधवाला हिरो. अडीच वर्षांचं मूल दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध प्यायला लागलं की पोट भरलेलंच राहतं आणि दुधात लोह जवळजवळ नसतंच, अशी मुलं गोरीगुबगुबीत दिसतात आणि रक्त तपासलं की हिमोग्लोबिन कमी निघतं. त्याच्या आईशी बसून बोला, सकाळी निघताना एक बाटली, तुमच्याकडे एक, रात्री एक असं असेल तर तिथेच उत्तर आहे. बाटली बंद, कप सुरू, आणि दूध जेवणानंतर, आधी नाही. पहिले तीन-चार दिवस भोकाड पसरेल, पसरू दे. त्याच्या ताटात एक चमचा भात, एक फोड भोपळा, बस एवढंच वाढा आणि सगळ्यांबरोबर पंगतीला बसवा. मागे घास घेऊन पळू नका, मोबाइल लावू नका, एक घास काऊचा पण तिसऱ्यांदा नको. काय वाढायचं आणि कधी वाढायचं ते तुमचं, किती खायचं आणि खायचं की नाही ते त्याचं. मला हे कळायला पाच वर्षं लागली, तोपर्यंत मी पण ताट साफ झालंच पाहिजे म्हणून डोळे वटारायचे. दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नाही, किंवा वजन वाढत नाहीये, मूल मलूल वाटतंय, असं असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला सांगा, तिथे आपली हुशारी नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण मी सांगणारच. आपण नाशिकचे, जानेवारी ते मार्च-एप्रिल कोणाच्या ना कोणाच्या बागेतून द्राक्षाची पेटी येतेच, निफाड-दिंडोरीकडचे पाहुणे असले की विचारूच नका. अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात बुचासारखं बसतं. पाच वर्षांखालच्या प्रत्येकाला द्राक्ष नीट धुवून उभं चार तुकडे करून, कंटाळा आला तर त्या दिवशी द्राक्षं नकोत. तसेच अख्खे शेंगदाणे, फुटाणे, लाह्या, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे, गोळ्या, हे काहीच नको, कूट करा, किसून शिजवून द्या. खाताना सगळे खाली बसलेले पाहिजेत, धावत-हसत-झोपाळ्यावर खाणं नाही. आणि स्वतः एकदा कोणा डॉक्टर-नर्सकडून शिकून घ्या, अडकलं आणि खोकता-रडता येत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, असं आलटून पालटून. मोठ्या मुलाला पुढे वाकवून पाठीवर पाच थापा आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असे पाच झटके. दुसऱ्याला १०८ लावायला सांगायचं. दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपायचं नाही, अजून आत जातं. तुमच्याकडे मेंढरांसारखी सात मुलं आहेत, मावशींना पण शिकवून ठेवा.

राहिलेल्या भाताचं थोडक्यात. दुपारचा भात चारच्या खाऊला फोडणी देऊन वापरायचा मोह होतो, मला पण व्हायचा. उन्हाळ्यात शिजलेला भात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका, त्यातल्या एका जंतूचे बीज उकळूनही मरत नाहीत आणि ते जे विष करतात ते परत गरम करून जात नाही. पसरून गार करून लगेच फ्रीजला, नाहीतर सरळ मोजूनच लावा, सात मुलांना किती लागतो ते आठवड्यात कळतं.

वाढदिवसाच्या केकचा नियम एकदाच ग्रुपवर टाका, जेवण झाल्यावर छोटा तुकडा, उरलेलं घरी परत. पैशांचं म्हणाल तर फी आणि जेवणाचे पैसे वेगळे लिहा, किराणा वाढला की वाढवताना जीभ अडखळत नाही.

प्रश्न : माझी चार वर्षांची मुलगी पाळणाघरात म्हणे दोन वेळा भाजी मागून घेते आणि घरी आली की मी करते त्याला तोंडही लावत नाही. माझ्या हाताला चवच नाही का? – गंगापूर रोड

उत्तर : चवीचा काही संबंध नाही हो. तिथे शेजारचा खातोय म्हणून ती खाते, आणि मागे कोणी लागत नाही. घरी तुम्ही दमून येता, ती दमून येते, आणि गाडीत बसल्याबसल्या तिला बिस्किटाचा पुडा मिळतो की नाही, खरं सांगा. तो पुडा बंद करून सातला सगळ्यांबरोबर ताट वाढा, थोडं वाढा, आणि तुम्ही तुमचं जेवा. एखाद दिवशी नुसता दहीभात खाऊन झोपली तर झोपू दे.

प्रश्न : नातू ११ महिन्यांचा आहे, त्याच्या पाळणाघरात बिनमिठाचं खायला देतात, आमच्या लेकरानं असलं अळणी कसं खायचं? आणि आम्ही मधाचं बोट चाटवून चार मुलं वाढवली, तिथल्या ताई म्हणतात मध आणायचाच नाही. – सातपूरच्या आजी

उत्तर : आजी, त्या ताईंना माझ्याकडून शाबासकी सांगा. त्याला अळणी म्हणजे काय हेच अजून माहीत नाही, डाळीची चव त्याला पुरते, आणि एवढ्याशा मूत्रपिंडांना जास्तीचं मीठ झेपत नाही. मधात कधीकधी एका जंतूचे बीज असतात, मोठ्यांना काही होत नाही पण वर्षाखालच्या बाळाच्या पोटात ते रुजतात आणि त्याचं विष अंगातली ताकदच काढून घेतं, बाळ लुळं पडतं, श्वासाला त्रास होतो. क्वचित होतं, म्हणून तुमच्या चौघांना झालं नाही, पण मध उकळला तरी ते बीज जात नाहीत. ११ महिन्यांचा आहे ना? मग एकच महिना तर थांबायचंय.