पुरावे तपासायचे तर सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी 26 वर्षांचा, अहिल्यानगरचा. आजोबांपासून घर ख्रिस्ती. मंडळीत हार्मोनियम वाजवतो, संडे स्कूलमध्ये शिकवतो. वर्षभर यूट्यूबवरचे वादविवाद ऐकून डोकं फिरलंय. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांतच मेळ नाही म्हणतात, मग सगळंच रचलेलं का? पाळकसाहेब म्हणतात, शंका हा सैतानाचा खेळ. मित्र म्हणतो, शिकलेल्या माणसाने हे मानावंच कसं? आईजवळ विषय काढला की ती रडते. खरं काय ते कसं ठरवू? तोवर वाजवणं-शिकवणं सोडू का?
— द्विधा

प्रिय द्विधा,

आधी ते वादविवाद बंद कर. तिथे हजरजबाबी माणूस जिंकतो, आणि तुझ्या पदरात नुसती धडधड पडते. एक वही घे.

तुझ्या पत्रात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेत : देव आहे का, येशू मरणातून उठला का, आणि बायबलचा शब्द न् शब्द बिनचूक आहे का. तिसऱ्यात खोट निघाली की पहिले दोन कोसळले, असं तू धरून चाललायस. मत्तयाच्या 27व्या अध्यायात येशूला पकडून देणारा यहूदा इस्कर्योत गळफास घेतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्याच अध्यायात तो शेतात पालथा पडतो आणि त्याचं पोट फुटतं. ही विसंगती खरी आहे, ओढूनताणून जुळवू नकोस. पण येशूच्या कबरेचं काय झालं, हे तिच्यावरून ठरत नाही. सगळा भार मधल्या प्रश्नावर आहे. ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ, हे पौलानेच लिहून ठेवलंय.

म्हणून सुरुवात करिंथकरांस पहिल्या पत्रापासून कर : अध्याय 15, वचनं 3 ते 8. मरणातून उठलेला येशू कुणाकुणाला दिसला, त्याची यादी तिथे आहे. हे पत्र साधारण इ.स. 54च्या आसपासचं, येशूचा क्रूसावरचा मृत्यू 30 किंवा 33चा. मला जे सांगितलं गेलं तेच तुम्हांला सांगतो, असं पौल म्हणतो, म्हणजे मजकूर पत्राहूनही जुना. मग गलतीकरांस पत्र, 1:18-19 काढ. तो यरुशलेमेत केफाकडे, म्हणजे पेत्राकडे, 15 दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. दर्शनांच्या यादीत हे दोघेही आहेत. प्राचीन इतिहासात इतक्या जवळचा दुवा सहसा हाती लागत नाही. शेजारी हेही लिही : त्याच यादीतल्या 500 जणांचा उल्लेख एकाही शुभवर्तमानात नाही, आणि आपल्याला नेमकं काय दिसलं हे पौल इथे सांगत नाही.

मग मार्कचं शुभवर्तमान एका बैठकीत वाच. दीड तास पुरतो. 16:8ला थांब. सिनाय आणि व्हॅटिकन ही चौथ्या शतकातली हस्तलिखितं तिथेच संपतात. पुढची 12 वचनं मागाहून जोडलेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नंतर मार्क 16, मत्तय 28, लूक 24 आणि योहान 20 यांचे चार रकाने पाड : कबरेकडे कोण गेलं, तिथे कोण दिसलं, पहिलं दर्शन कुठे. स्त्रियांची नावं बदलतात, दूत एक की दोन ते बदलतं. मग्दालीया मरीया मात्र चारही ठिकाणी आहे.

इथे दोन्हीकडचे लोक घसरतात. आपली माणसं चार साक्षीदार मोजतात. पण मत्तय आणि लूक यांनी मार्कचा मजकूर घेतलाय, तेव्हा ते सुटे साक्षीदार धरता येत नाहीत. ‘शिष्य खोट्यासाठी मेले असते का?’ हाही आवडता प्रश्न. जब्दीचा मुलगा याकोब मारला गेल्याचं प्रेषितांच्या कृत्यांत आहे, येशूचा भाऊ याकोब याचं पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस याने लिहिलंय. बऱ्याच जणांच्या कथा मात्र खूप उशिराच्या. शिवाय मरणाने प्रामाणिकपणा कळतो, खरेपणा नाही. तिकडे ‘येशू झालाच नाही’ म्हणणाऱ्यांना रोमन इतिहासकार टॅसिटस आणि जोसेफसच्या यहुद्यांच्या इतिहासाचा 20वा खंड आड येतो. (जोसेफसच्या 18व्या खंडातल्या उताऱ्यात पुढे ख्रिस्ती हात फिरलाय, त्यावर भार टाकू नकोस.)

इतिहास तुला इथवर आणतो : येशूच्या मृत्यूनंतर लवकरच काही माणसांची पक्की खात्री झाली की तो आपल्याला दिसला. शोकात गेलेलं माणूस दिसल्याचे अनुभव लोकांना येतात, असं मित्र म्हणाला तर ते पेत्राच्या बाबतीत वजनदार आहे. पौलाला ते तितकं लागू पडत नाही, कारण तो शोकात नव्हता, येशूच्या अनुयायांचा छळ करत होता. यातलं काय जास्त पटतं, हे तू देवाची शक्यता मुळात किती धरतोस यावर फार अवलंबून राहील. म्हणून त्या प्रश्नाला वेगळं पान दे. प्रत्येक पानाखाली किती पटतं ते तारखेसह लिही आणि तीन महिन्यांनी, नीट झोप झालेल्या दिवशी, परत वाच. आईचं रडणं, लग्न, मंडळी तुटण्याची भीती यांचंही पान हवं. त्या गोष्टी मोठ्या आहेत, पण पुरावा नव्हेत.

पाळकसाहेबांना पंडिता रमाबाईंची आठवण करून दे. 1883मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरही त्या तिथल्या मठातल्या भगिनींशी त्रैक्यावर (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवर) वाद घालत होत्या. पुढे त्याच बाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं. तरीही ते सैतानावरच अडले, तर एखाद्या सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या संस्थेत) नवा करार शिकवणाऱ्याला गाठ.

आईला आत्ता एवढंच सांग की मी सोडून चाललेलो नाही, वाचतोय. निकाल लागेल तेव्हा पहिल्यांदा तुलाच सांगेन. हार्मोनियम सोडू नकोस. संडे स्कूलमध्ये दाखले आणि डोंगरावरील प्रवचन खुशाल शिकव; पुनरुत्थानाचा धडा मात्र यंदा दुसऱ्या कुणाकडे दे. जे अजून तुलाच ठरवता आलेलं नाही, ते मुलांसमोर ठासून सांगायची वेळ तुझ्यावर येऊ नये.