भाजणीचा हिशेब

इंदूर

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझी भाजणी खमंग आहे. परवा दिलेल्या पुडीची थालीपिठं घरात सगळ्यांनी मागून मागून खाल्ली, तेव्हा मालाची मला चिंता नाही. चिंता आहे ती भाजणी विकायच्या धंद्यात तू घालणार आहेस त्या २०,००० रुपयांची. त्यातले १४,००० घालून तू जुना पल्व्हरायझर, म्हणजे दळायचं यंत्र, घेणार म्हणतेस. नको घेऊस. गल्लीतला चक्कीवाला किलोमागे पैसे घेऊन दळून देतो. त्याच्याकडे सकाळी लवकर जा आणि आधी मिरची दळलेली नाही ना, एवढं विचारून घे. यंत्र घेतलंस की उरलेल्या ६,००० त धान्य, पिशव्या, गॅस सगळं बसवावं लागेल, आणि पहिला महिना मंदा गेला तर तू तिथेच थांबशील.

हे मी भोगलेलं आहे. मसाला सुरू केला तेव्हा नगामागे स्वस्त पडतात म्हणून अर्ध्या किलोच्या ५,००० पिशव्या छापून घेतल्या. दोन महिन्यांत कळलं की लोकांना १०० ग्रॅमची पुडी हवी आहे. पिशव्या माळ्यावर पडल्या. दिवाळीच्या तोंडावर चकलीच्या भाजणीची मागणी आली, आणि हरभऱ्याची डाळ भरायला माझ्या हातात रोकड नव्हती. घरी आलेलं गिऱ्हाईक परत पाठवताना फार वाईट वाटलं. म्हणून तू साध्या पारदर्शक पिशव्या घे आणि लेबल थोडी थोडी छाप.

सियागंजच्या घाऊक बाजारात जाशील तेव्हा नवा माल आलेला असेल, भाव उतरलेला असेल, आणि दुकानदार म्हणेल, वर्षाचं भरून ठेवा. घरच्यासाठी ते ठीक आहे. तुझ्याकडे ना जागा आहे ना पैसा, आणि पावसाळ्यात धान्याला कीड लागली की सगळं गेलं. पंधरा दिवसांत विकेल एवढंच आण. दोन पैसे महाग पडेल, पडू दे. ५,००० रुपये महिन्यातून दोनदा हातात परत आले, तर ते तुझ्यासाठी १०,००० चं काम करतात.

आता किंमत. तू म्हणालीस, पाव किलोला २५ रुपये खर्च येतो, ४० ला विकली की १५ सुटतात. नीट मांडून बघू. पाच किलो धान्य धर, सरासरी ९० रुपये किलोने ४५० झाले. भाजताना ओल उडते, थोडं पीठ चक्कीत राहतं. हातात साडेचार किलो आलं, तर पाव किलोच्या १८ पुड्या. दळणाचे ५०, गॅसचे ४०, पिशवी-लेबलचे ७२. बेरीज ६१२, म्हणजे पुडीला ३४. निवडणं, भाजणं, भरणं यात तुझे चार तास जातात. तासाला ६० रुपये धरलेस तर आणखी २४० होतात आणि पुडी ४७ च्या वर जाते. ४० ला विकलीस तर प्रत्येक पुडीमागे तू सात रुपये आपल्या खिशातून घालतेस. आकडे तुझ्या बाजारातले घाल, पण हिशेब असाच मांड. आपल्या बायका स्वतःची मजुरी कधीच धरत नाहीत, आणि वर्षभराने कळतं की धंदा नव्हता, नुसते कष्ट होते. पुढे एखाद्या दुकानात माल ठेवलास की दुकानदार किमतीतले २० टक्के मागेल, उधारीही मागेल. किंमत आधीच ६५ ठेव, म्हणजे त्याला देऊनही ५२ उरतील. उधारीवर मात्र पहिलं वर्ष कोणालाच देऊ नकोस, नातेवाइकांनाही नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. खाण्याची वस्तू घरून विकायची तरी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागते आणि तो १४ अंकी क्रमांक लेबलवर घालावा लागतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, आधारवरून ऑनलाइन फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. छोट्या धंद्यांना कर्ज देणाऱ्या सरकारी मुद्रा योजनेत शिशु या सगळ्यात लहान गटात ५०,००० पर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं हे खरं, पण हप्ता विक्रीची वाट बघत नाही. ओळखीबाहेरचे दहा-पंधरा लोक दुसऱ्यांदा मागायला आले की मग बँकेत जा. पहिल्यांदा घेणारे कौतुकाने घेतात ग.

आणि ही ओळखीबाहेरची माणसं रामबाग-लोकमान्यनगरच्या मराठी वस्तीतच शोधू नकोस. तिथे पुष्कळ घरी भाजणी होते. तुझं खरं गिऱ्हाईक शेजारची हिंदी घरं आहेत, जिथे रोज पोहे होतात आणि दुसरं काहीतरी हवं असतं. त्यांना थालीपीठ ठाऊक नाही. तेव्हा एकदा गरम करून चारायचं, आणि पाणी किती, तवा कसा, हे लेबलच्या मागे हिंदीत लिहायचं.

शनिवारी सकाळी ये, सियागंजला बरोबर जाऊ. वही आण. यंत्रवाल्याला अजून बयाणा दिला नसशील तर आजच नाही म्हणून कळव.

तुझी,
काकू