‘द बीनी बबल’ बघण्यासारखा आहे का? त्यातलं खरं किती?

एकदा बघायला हरकत नाही. पण ‘बीनी बेबीज’ या कापडी खेळण्यांचा मालक टाय वॉर्नर याचं चरित्र समजेल या अपेक्षेने बसलात तर हिरमोड होईल. हा बाबा शेवटपर्यंत हाती लागत नाही, आणि बहुधा ते मुद्दामच केलंय. 2023 साली ॲपल टीव्हीवर आलेल्या या चित्रपटात कथा सांगतात त्या तीन बायका: भागीदार रॉबी, प्रेयसी शीला आणि कॉलेजात शिकता शिकता नोकरीला लागलेली माया. तिघींमागे खऱ्या व्यक्ती आहेत, नावं मात्र बदललेली, प्रसंगही बरेच रचलेले. त्यामुळे घरातली भांडणं खरी धरू नका. धंद्याचा सांगाडा खरा आहे.

आणि तो धंदा भन्नाट होता! वॉर्नरने 1986 मध्ये कंपनी काढली, 1993 मध्ये बीनी बेबीज आणली. साधारण पाच डॉलरचं हातात मावणारं खेळणं, आत प्लॅस्टिकचे बारीक दाणे, तेही मुद्दाम कमी भरलेले. म्हणून ते ताठ न राहता हवं तसं बसवता यायचं. मोठ्या साखळी दुकानांना माल द्यायचा नाही, गल्लीतल्या भेटवस्तूंच्या दुकानांना द्यायचा, तोही मोजून. मग एखादा प्राणी अचानक ‘रिटायर’ करायचा, म्हणजे बनवणंच बंद. झालं, लोक तुटून पडले. तेवढ्यात ईबे ही ऑनलाइन लिलावाची साइट सुरू झाली आणि पाच डॉलरच्या कापडी अस्वलाला शेकडो डॉलरचे भाव लागू लागले. कानाला अडकवलेला हृदयाच्या आकाराचा टॅग दुमडला की भाव पडायचा, म्हणून लोक टॅगलाच प्लॅस्टिकचं कव्हर घालायचे. खेळणं लहान मुलांसाठी होतं हे सगळेच विसरले. 1999 मध्ये लास व्हेगासच्या कोर्टात एक घटस्फोटित जोडपं जमिनीवर बसून बीनी वाटून घेत होतं, तो फोटो आजही सापडतो.

त्या टॅगवरच्या चिमुकल्या कविता आणि कंपनीची वेबसाइट हे भारतीय वंशाच्या लीना त्रिवेदी यांचं काम. माया त्यांच्यावरूनच बेतली आहे. जेराल्डिन विश्वनाथनने ती झकास केलीय. मालकाला इंटरनेट म्हणजे काय हेही धड कळत नाही आणि ही तुटपुंज्या पगारावर त्याचा धंदा आकाशात नेतेय. हे भाग सुरू झाले की चित्रपटात जान येते. वॉर्नर झालेला, दाढी काढलेला झॅक गॅलिफिअनाकिस आधी ओळखूच येत नाही. लाडीगोडी आणि कोतेपणा एकाच चेहऱ्यावर छान दाखवतो.

खटकलं ते दोन गोष्टींत. एक, ऐंशीच्या दशकातून नव्वदच्या आणि पुन्हा मागे अशा इतक्या उड्या आहेत की रॉबीचं कुठवर आलं होतं ते आठवावं लागतं. दुसरं, नावात ‘बबल’ असूनही तो फुगवणारे लोक, म्हणजे कपाटं भरभरून साठा करणारे हौशी, जवळजवळ दिसतच नाहीत. वेडाशिवाय वेडाची गोष्ट सांगितल्यासारखं वाटतं.

पुढचं हवं असेल तर: स्विस बँकेतल्या खात्याबद्दल करचुकवेगिरीचा गुन्हा वॉर्नरने 2013 मध्ये कबूल केला. पाच कोटी डॉलरहून जास्त दंड भरला आणि 2014 मध्ये तुरुंगाऐवजी दोन वर्षांच्या प्रोबेशनवर, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली बाहेर राहण्यावर, सुटला.

त्या काळचं वेडच बघायचं असेल तर 2021 चा ‘बीनी मेनिया’ हा माहितीपट आधी बघा. त्यात लीना त्रिवेदी स्वतः बोलल्या आहेत.