बुटांची हील कमी करून घ्यायचीय? आधी हे वाचा

पहिल्यांदाच करताय तर घाई करू नका, कारण कापलेली हील परत होती तशी करणं सोपं नसतं. आधी बूट उलटा करून नीट बघा, हील वेगळी बसवलेली आहे की सोलसकट एकाच साच्यातली? साच्यातली असेल तर नाद सोडा. चामड्याचे थर एकावर एक चिकटवलेली हील असेल तर उत्तम, त्यातला थर काढता येतो.

आता खरी गोष्ट. बुटाच्या कमानीत आत एक पट्टी असते, शँक म्हणतात तिला, ती मूळ हीलच्या उंचीप्रमाणेच वाकवलेली असते, त्यामुळे हील फार कमी केली की पुढचं टोक वर उचललं जातं, वजन मागे पडतं आणि चालताना पाय दुखतात. एक सेंटीमीटरपर्यंत सहसा चालून जातं, त्यापुढे मी तरी जाणार नाही.

घरीच बघायचं असेल तर हील जेवढी कमी करायचीय तेवढ्याच जाडीचा पुठ्ठा दोन्ही बुटांच्या पंजाखाली ठेवून पाच मिनिटं उभे राहा, लगेच कळेल.

कारागिराला दोन्ही बूट एकदमच द्या आणि कापल्यावर हीलचा तळ जमिनीला सपाट टेकतोय ना ते टेबलावर ठेवून तपासायला सांगा, मागे किंवा पुढे नखभर जरी फट दिसली तरी परत घासून घ्या, आणि खाली नवीन रबर लावणार असाल तर त्याची जाडी आधीच मापात धरा, हे बरेच जण विसरतात!