न्यू जर्सीत टू-फॅमिली घराचा एक मजला भाड्याने देताना: टाऊनच्या इन्स्पेक्शनबद्दल

तुम्ही विचारलंय, की पुण्याहून न्यू जर्सीला येताय, वर्षभरात टू-फॅमिली घर (एकाच घरात दोन स्वतंत्र बिऱ्हाडं) घ्यायचंय, खाली स्वतः राहून वरचा मजला भाड्याने द्यायचाय. तर टाऊनचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, इन्स्पेक्शन नेमकं कशाचं असतं, किती वेळा होतं आणि लोकांचं घोडं कुठे अडतं.

पुण्यात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवला, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली, की काम झालं. घर आतून कसं आहे हे बघायला महापालिकेचं कुणी येत नाही. इथे उलट आहे. करार सरकारदरबारी नोंदवावा लागत नाही, पण भाडेकरू सामान घेऊन येण्याआधी घर तपासलं जातं. आणि 'एक' इन्स्पेक्शन असं नसतंच. आगीसंबंधीचं वेगळं, शिशाच्या रंगाचं वेगळं, आणि बऱ्याच टाऊनमध्ये भाडेकरू बदलताना घ्यायचं टाऊनचं स्वतःचं सर्टिफिकेट आणखी वेगळं. प्रत्येकाचा अर्ज, फी आणि मुदत निराळी. एक झालं म्हणून दुसरं सुटत नाही. नवे घरमालक अडकतात ते बहुधा इथेच.

आगीपासून सुरू करा, कारण ते दर वेळी नवीन माणूस राहायला येताना लागतं. एक किंवा दोन कुटुंबांच्या घराला स्मोक अलार्म, कार्बन मोनॉक्साइड अलार्म आणि अग्निशामक सिलिंडर या तिन्हींचं मिळून एक सर्टिफिकेट असतं. ते टाऊनचं फायर खातं देतं. स्मोक अलार्म प्रत्येक मजल्यावर हवा, त्यात बेसमेंटही आलं. शिवाय प्रत्येक झोपायच्या खोलीबाहेर दहा फुटांच्या आत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही झोपायच्या खोल्यांपासून दहा फुटांच्या आत. नुसत्या बॅटरीवरचा स्मोक अलार्म असेल तर १ जानेवारी २०१९ पासून दहा वर्षांची सीलबंद बॅटरी असलेलाच चालतो. पण घर बांधताना विजेच्या तारेला जोडलेले अलार्म बसवलेले असतील, तर ते काढून बॅटरीवाले लावता येत नाहीत. जुना बिघडला तर त्या जागी तारेचाच लावा. अलार्म उलटा करून मागची उत्पादनाची तारीख वाचा: दहा वर्षं उलटली असतील तर तो वाजत असला तरी नापास. बटण दाबलं, आवाज आला, म्हणून लोक निर्धास्त राहतात. इन्स्पेक्टर आधी तारीख बघतो.

अग्निशामक सिलिंडरवर बरीच घरं नापास होतात, ती चूक अगदी क्षुल्लक म्हणून जास्त वाईट वाटतं. दुकानात पुढे मांडलेला स्वस्त, छोटा सिलिंडर बहुधा '१ ए : १० बी : सी' असतो (किती आणि कसली आग विझवता येईल याचं हे रेटिंग). नियमाला कमीत कमी '२ ए : १० बी : सी' लागतो आणि वजन दहा पौंडांच्या वर नको. लेबलवरचा तो पहिला आकडा वाचूनच घ्या. तो स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत, बाहेर पडायच्या वाटेवर, कंपनीने दिलेल्या हुकावर भिंतीला टांगलेला हवा. वरचं टोक जमिनीपासून पाच फुटांपेक्षा उंच नको. सिंकखालच्या कपाटात ठेवलेला चालत नाही. नवा असेल तर पावती दाखवा. जुना असेल तर गेल्या बारा महिन्यांत सर्व्हिसिंग झाल्याचा टॅग त्याच्यावर हवा.

या सर्टिफिकेटची फी तुम्ही किती आधी अर्ज करता यावर ठरते. दहापेक्षा जास्त कामाचे दिवस आधी केलात तर सर्वात कमी, चार ते दहा दिवस असतील तर जास्त, आणि चारपेक्षा कमी उरले असतील तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून जुन्या भाडेकरूने सोडायची तारीख लेखी कळवली, की त्याच दिवशी अर्ज टाका.

आता जुन्या रंगातलं शिसं. घर १९७८ च्या आधी बांधलेलं असेल तर हा भाग नीट वाचा, कारण हडसन आणि एसेक्स काउंटीतली टू-फॅमिली घरं बहुतेक त्याच काळातली आहेत. २०२१ साली झालेला राज्याचा कायदा २२ जुलै २०२२ पासून लागू आहे. अशा भाड्याच्या घरांची पहिली तपासणी जुलै २०२४ पर्यंत व्हायला हवी होती. त्यानंतर दर तीन वर्षांनी, किंवा मधेच भाडेकरू बदलला आणि हातात वैध सर्टिफिकेट नसेल तर तेव्हा. तुम्ही राहता तो मजला यात येत नाही, भाड्याचा येतो. घर घेताना विकणाऱ्याकडून शेवटचं लेड-सेफ (शिशाच्या तपासणीत पास झाल्याचं) सर्टिफिकेट मागून घ्या. ते नसेल, तर बाकी काम तुमच्या गळ्यात पडतं. नोटीस आल्यावर तीस दिवसांत हालचाल केली नाही तर दंड आठवड्याला १,००० डॉलरपर्यंत जातो.

तपासणी दोन प्रकारची. ज्या टाऊनमध्ये लहान मुलांच्या रक्तात शिसं आढळायचं प्रमाण कमी, तिथे नुसती नजरेने: रंगाचे पोपडे, भेगा, खडूसारखी पूड. जिथे तपासलेल्या मुलांपैकी तीन टक्के किंवा जास्त मुलांत ते वाढलेलं सापडतं, तिथे धुळीचे नमुने घेतात. एक फूट बाय एक फूट जागा आखून ओल्या वाइपने पुसायची, वाइप नळीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवायचा. नमुने जमिनीचे, खिडकीच्या आतल्या फळीचे आणि खिडकी जिथे बसते त्या खोबणीचे. ही खोबणच घात करते. जुनी लाकडी खिडकी वर-खाली करताना दोन रंगवलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासतात, रंगाची बारीक पूड होते आणि खोबणीत साचते. भिंती कितीही नव्या कोऱ्या रंगवल्या तरी ती तिथेच असते. रांगतं मूल खिडकीच्या फळीला धरून उभं राहतं आणि तोच हात तोंडात घालतं, म्हणून ही तपासणी कटकट समजू नका. ती खरोखर गरजेची आहे.

तपासणीच्या आधी खोबणी आणि फळ्या डिटर्जंटच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, दर वेळी फडकं बदला. कोरड्या पॉलिश पेपरने रंग घासू नका. त्याने पूड घरभर पसरते आणि पास होणारं घर नापास होतं. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: अशा घरात एका खोलीत सहा चौरस फुटांहून जास्त रंगवलेला भाग उकरायचा किंवा घासायचा असेल, तर केंद्र सरकारच्या नियमाने शिसं हाताळायचं प्रशिक्षण घेतलेला, सर्टिफिकेट असलेला माणूस लागतो. खिडकी बदलायला तर सहा चौरस फुटांचीही सूट नाही. 'माझंच घर आहे, मीच करतो' हे भाड्याच्या मजल्याला लागू होत नाही, कारण तुम्ही भाडं घेता म्हणजे मोबदला घेता. तपासनीस टाऊनचाच घ्यायला हवा असं नाही. राज्याने मान्यता दिलेला लेड इव्हॅल्युएशन (शिशाची तपासणी करणारा) कंत्राटदार स्वतः नेमू शकता. टाऊनकडे रांग लांब असेल तेव्हा तोच मार्ग बरा.

टाऊनच्या स्वतःच्या सर्टिफिकेटचं नाव आणि यादी गावागणिक बदलते, त्यामुळे त्यांच्या कार्यालयातून छापील यादी आणा. ठरलेल्या अडचणी अशा: जिन्याला कठडा नाही, आतून किल्ली लावावी लागणारं दार, गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप जमिनीपर्यंत आणलेला नाही, पर्मिट न काढता बदललेला गीझर. इन्स्पेक्टर आला आणि दार उघडायला कुणी नसेल तर फेरतपासणीची फी वेगळी बसते. भाडेकरूला लेखी पूर्वसूचना द्या आणि स्वतः हजर राहा.

घर बघताना दलाल सांगेल, 'दोन मजले आणि शिवाय बेसमेंटचंही भाडं येतं.' तिथे थांबा. टाऊनच्या कागदावर दोन कुटुंबं असतील तर बेसमेंटमधलं तिसरं बिऱ्हाड बेकायदा. इन्स्पेक्शनमध्ये ते सापडलं आणि भाडेकरूला बाहेर पडावं लागलं, तर न्यू जर्सीच्या कायद्याने घरमालकाने त्याला सहा महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम द्यायची असते. त्यावर टाऊनचा दंड वेगळा. बेसमेंटचं भाडं धरून कर्जाचा हप्ता बसवू नका, हे माझं अगदी ठाम मत आहे.

याची खातरजमा क्लोजिंगच्या (घर तुमच्या नावावर होण्याच्या) आधी करता येते. ओपन पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली (आपल्या माहिती अधिकारासारखा) टाऊन क्लार्ककडे, म्हणजे टाऊनचं दप्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करून त्या पत्त्याचे सगळे पर्मिट, बंद न झालेले पर्मिट, उल्लंघनाच्या नोटिसा आणि कायदेशीर बिऱ्हाडांची संख्या मागवा. सात कामाच्या दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील असतात. घराची तपासणी करायचे दिवस करारात मोजकेच असतात, म्हणून ऑफर मान्य झाली त्याच दिवशी अर्ज करा.

घर थ्री-फॅमिली घेतलंत तर चित्र बदलतं. तीन किंवा जास्त बिऱ्हाडांची इमारत राज्याच्या ब्युरो ऑफ हाउसिंग इन्स्पेक्शनकडे नोंदवावी लागते आणि तिची आपली फेरतपासणी असते, तुम्ही त्याच घरात राहत असलात तरी. हिवाळ्याचे नियमही लिहून ठेवा: १ ऑक्टोबर ते १ मे, सकाळी सहा ते रात्री अकरा घरात किमान ६८ अंश फॅरनहाइट, रात्री ६५.

विमाही विसरू नका. २०२२ च्या कायद्याने भाड्याच्या घराला किमान ५ लाख डॉलरचा दायित्व विमा (घरात कुणाला इजा झाली तर भरपाईसाठी) लागतो. चारपर्यंत बिऱ्हाडांच्या घरात मालक स्वतः राहत असेल तर ३ लाख. त्याचं सर्टिफिकेट दरवर्षी टाऊनकडे द्यायचं, नाहीतर ५०० ते ५,००० डॉलर दंड. साध्या होमओनर्स पॉलिसीत ही रक्कम आहे असं गृहीत धरू नका, एजंटकडून लिहून घ्या.

टू-फॅमिलीत तुम्ही स्वतः राहता तोवर टाऊन क्लार्ककडे घरमालक म्हणून राज्याच्या नियमाची नोंदणी लागत नाही. पण नोकरी बदलून टेक्सासला गेलात आणि दोन्ही मजले भाड्याने दिलेत, की ती लागते. आणि त्या अर्जात, तुम्ही त्या काउंटीत राहत नसाल तर, तिथे राहणाऱ्या किंवा कार्यालय असलेल्या, तुमच्या वतीने नोटिसा स्वीकारणाऱ्या माणसाचं नाव-पत्ता द्यावा लागतो. असा माणूस घर सोडायच्या आधी ठरवा.